मागच्याला जाऊ द्या

मराठीत 'पाठीशी असणे' आणि 'पाठीस लागणे' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्याने माणसाला बळ येतं, दुसऱ्याने घाम फुटतो. मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो आणि शाळेत जातो मोटारसायकलवरून, सोलापूर-पुणे महामार्गाने. वर्गात हा फरक समजावून सांगायला अर्धा तास लागतो. केगाव ओलांडून पाकणीच्या दिशेने निघालं की दोन मिनिटांत समजतो.

आपल्या गाडीच्या मागे दहा-पंधरा फुटांवर दुसऱ्याने गाडी चिकटवून चालवणं, याला मराठीत एक असा शब्द नाही. इंग्रजीत 'टेलगेटिंग' म्हणतात. आपल्याकडे 'पाठीवर बसलाय', 'घासून चाललाय', 'मागे चिकटलाय' असं काहीही म्हणतात. शब्द नसला की त्या गोष्टीचा गुन्हाही लवकर ठरत नाही. कोणी सिग्नल तोडला तर लोक नावं ठेवतात. कोणी पाठीवर बसला तर म्हणतात, 'घाई असेल बिचाऱ्याला.'

घाई असणं मी समजू शकतो. चौपदरी महामार्गावर कारला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे आणि मोटारसायकलला 80 ची. म्हणजे कायद्यानेच मान्य केलं आहे की मागून कोणीतरी येणार आणि पुढे जाणार. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती येऊन चिकटण्याची. उजवी लेन मोकळी असताना मागे बसायचं, डिपर मारायचा, हॉर्न वाजवायचा आणि मोटारसायकलवाल्याने डांबराखाली उतरावं अशी अपेक्षा करायची.

थोडं गणित करू. ताशी 80 चा वेग म्हणजे सेकंदाला साधारण 22 मीटर. मागची गाडी तीन मीटरवर असेल तर तिच्या आणि तुमच्यामध्ये सेकंदाचा सातवा हिस्सा एवढाच वेळ आहे. पुढे कुत्रं आडवं आलं, तुम्ही ब्रेक दाबला, मागच्याच्या डोळ्यांना लाल दिवा दिसला, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेककडे गेला, एवढ्यातच धडधाकट माणसाचा जवळपास एक सेकंद जातो. त्या सेकंदात त्याची गाडी 22 मीटर पुढे येते. जागा तीन मीटरच आहे. कारला कारने मागून ठोकलं तर बंपर वाकतो, डिकी आत जाते, मान दुखते. मोटारसायकलला बंपरही नाही आणि डिकीही नाही. आहे ती पाठ.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर मेलेल्यांची संख्या 1,68,491 आहे. त्यातले चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. आणि अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा समोरासमोरच्या धडकेचा नाही, मागून बसलेल्या धडकेचा आहे. साधारण पाचातला एक अपघात. आपण मुलांना समोर बघून गाडी चालव असं सांगतो. मागे काय आहे याबद्दल कोणी काही सांगत नाही.

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. बेकरीचा माल खेड्यांत पोचवायचा. दुपदरी रस्ता होता, मागे जीप. जीपने हॉर्नवर हॉर्न दिले म्हणून तो डावीकडे सरकत गेला, आणखी सरकला, आणि डांबराच्या कडेवरून चाक खाली गेलं. तिथे डांबर आणि साइडपट्टी यांत वीतभर उंचीचा फरक होता. चाक परत वर घ्यायला गेला आणि आडवा झाला. जीपचा त्याला स्पर्शसुद्धा झाला नाही. ती निघून गेली. मागे सायकलवरून येणाऱ्या एका शेतकऱ्याने हे सगळं पाहिलं आणि जनाजाच्या दिवशी येऊन सांगितलं. पण गाडीचा नंबर त्याला घेता आला नव्हता. कागदावर 'दुचाकी घसरून' एवढंच लागलं. आकडेवारीतही तो तसाच गेला असणार, स्वतःच्या चुकीने पडलेला. पाठीवर बसलेल्या गाडीने घेतलेला जीव कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि त्याच्या घरच्यांना कोणाकडे काही मागताही येत नाही.

म्हणून मला हे लिहायचं आहे. मागून दाब आला की आमची मुलं तीनपैकी एक गोष्ट करतात, आणि तिन्ही चुकीच्या आहेत.

एक म्हणजे वेग वाढवणं. मागच्याला 'घे, आता खूश?' म्हणत ही पोरं साठावरून नव्वदवर जातात. चिकटणाऱ्याचा स्वभाव असा की तुम्ही नव्वद केले की तो नव्वदवर चिकटतो. अंतर तेवढंच राहतं, फक्त धडक जास्त जोरात बसण्याची सोय होते. शिवाय त्याच्या मर्जीच्या वेगाने, तुमच्या आवाक्याबाहेर, तुम्ही गाडी चालवत असता. 125 सीसीची गाडी, मागे बसलेली बहीण, हँडलला अडकवलेली पिशवी, आणि वेग ठरवणारा माणूस काचेमागे.

दुसरी म्हणजे एकदम ब्रेक मारून 'झटका दाखवणं'. हे मुलं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकली आहेत. त्या व्हिडिओंत दोन्ही बाजूंना कार असते हे त्यांच्या लक्षात येत नाही. नव्या मोटारसायकलींचे ब्रेक चांगले आहेत, 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. पण तुमचे ब्रेक जितके चांगले तितके तुम्ही मागच्याच्या अंगावर लवकर जाता. तो जर माल भरलेला ट्रक असेल तर त्याने मनापासून ब्रेक दाबला तरी तो तुमच्या जागी थांबणार नाही.

तिसरी आमच्या त्या मुलाने केली ती. कडेला जाणं. ही सगळ्यात सभ्य वाटते आणि घरातली मोठी माणसंही हीच शिकवतात, 'बेटा, किनारे किनारे चल.' पण किनाऱ्यावर काय असतं? वाळू, खडी, फुटलेल्या बाटल्या, डांबराची उंच कड, ऊस भरून उभा असलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर, आणि पुढच्या दुभाजकाच्या फटीपर्यंतचा वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने येणारा गावातला माणूस. नोव्हेंबर ते मार्च, ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडची डावी कड ही रस्त्याची सगळ्यात धोकादायक जागा असते. कडेला चिकटून चालणाऱ्याला सरकायला जागा उरत नाही, आणि मागच्याला वाटतं की याच लेनमधून घासून निघता येईल. म्हणजे तुम्ही सभ्यपणे त्याला बोलावणंच केलं.

मग करायचं काय? डाव्या लेनमध्येच राहायचं, पण लेनच्या आत. कारची डावी चाकं ज्या पट्ट्यावरून जातात तो पट्टा मोटारसायकलसाठी बरा. तो स्वच्छ असतो, मधोमध सांडलेल्या तेलापासून दूर असतो, आणि डावीकडे दोन-तीन हात जागा हाताशी राहते. ती जागा चालण्यासाठी नाही. वेळ आली तर सटकण्यासाठी आहे.

दुसरं मुलांना पटवायला फार वेळ लागतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. मागे कोणी चिकटला की मागचं अंतर तुम्ही वाढवू शकत नाही. ते त्याच्या हातात आहे. पण पुढचं अंतर तुमच्या हातात आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, ब्रेक न लावता, आणि तुमच्या पुढे जे वाहन आहे त्याच्यापासूनची जागा दुप्पट करा. एरवी दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर आता चार-पाच सेकंदांचं. पुढचं वाहन एखाद्या झाडाजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेलं की एक हजार एक, एक हजार दोन असं मोजा. तुम्ही त्या दगडापाशी किती आकड्यांवर पोचता ते तुमचं अंतर. ताशी 60 च्या वेगात दोन सेकंद म्हणजे 33 मीटर, एकामागे एक तीन एसटी बसा उभ्या राहतील एवढं. आता पुढे काही झालं तर तुम्हाला कचकन ब्रेक दाबायची वेळ येत नाही. हळू दाबून भागतं. आणि तुम्ही हळू दाबला की मागच्या बेअक्कल माणसालाही थांबायला वेळ मिळतो. त्याने जे अंतर ठेवायला हवं होतं ते तुम्ही पुढे ठेवता, त्याच्या वाट्याचंसुद्धा. हे न्याय्य नाही, मान्य. पण यात मणका शाबूत राहतो.

त्यासोबत ब्रेकला नुसता स्पर्श करून, वेग कमी न होऊ देता, मागचा दिवा दोन-तीनदा लुकलुकवता येतो. मग रुंद जागा बघायची. पेट्रोल पंपाचं तोंड, ढाब्यासमोरची मोकळी जागा, बसथांब्याचा खण. डावा इंडिकेटर बऱ्याच आधी द्यायचा, आरशात बघायचं, आणि सरळ बाहेर पडायचं. पाणी प्यायचं. दोन मिनिटांत तो पुढच्या कोणाच्या तरी पाठीवर बसलेला असेल.

एक मात्र टाळा. दुपदरी रस्त्यावर मागच्याला हात हलवून 'जा' म्हणू नका. समोरून काय येतंय त्याची जबाबदारी तुम्ही का घेता? आणि उजवा इंडिकेटर देऊन 'ओव्हरटेक कर' सांगायची ट्रकवाल्यांची जी रीत आहे ती तर अजिबात उचलू नका. उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी उजवीकडे वळतोय' आणि उजवा इंडिकेटर म्हणजेच 'तू उजवीकडून जा'. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ असलेली भाषा मी तरी परीक्षेला लावणार नाही.

वर्गात हे सांगितलं की कोणीतरी हमखास उठून म्हणतो, "सर, आपणच का बाजूला व्हायचं? रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?"

नाही, बापाचा नाही. कायदा तुझ्या बाजूने आहे. पुढचं वाहन अचानक हळू झालं किंवा थांबलं तरी धडक बसणार नाही एवढं अंतर मागच्याने ठेवलं पाहिजे, हा नियम 1989 च्या रस्ता विनियमांपासून लिहिलेला आहे. धोकादायक रीतीने वाहन चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली, 2019 च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. पण हेल्मेट नसलेल्या डोक्याचा फोटो निघतो, वेगाचा आकडा कॅमेरा टिपतो, दोन गाड्यांमधल्या अंतराचं चलान मी आजवर कोणाच्या हातात पाहिलेलं नाही. म्हणजे हा नियम व्यवहारात अपघात झाल्यानंतरच जागा होतो, दोष कोणाचा हे ठरवायला. तोवर तू सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात असतोस.

त्या प्रश्नामागे कायदा नसतोच म्हणा. इज्जत असते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला कोणी हॉर्न मारून हटवलं की त्याला वाटतं आपला अपमान झाला, आणि मित्र मागे बसलेला असेल तर दुप्पट. एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, आपण काय बायका आहोत का सरकायला?" मी त्याला आमच्या शाळेतल्या एका बाजींबद्दल सांगितलं. त्या बुरख्यात स्कूटी चालवतात, रोज, याच रस्त्याने. बाई दिसली की मुद्दाम मागे चिकटणारे, हॉर्न वाजवत, हसत, लांबवर येणारे महाभाग असतात. बाजी वेग वाढवत नाहीत आणि घाबरून कडेलाही जात नाहीत. ठरलेले दोन पेट्रोल पंप आहेत, तिथे वळतात, पंपावरच्या माणसांसमोर उभ्या राहतात, आणि मागची गाडी गेली की निघतात. रोज वेळेवर शाळेत असतात. सरकणं कसं असतं ते त्यांच्याकडून शिकावं.

आता एक गोष्ट जी आपल्याच लोकांना सांगायची आहे. कोणी पाठीवर बसला, तुम्हाला संताप आला, पुढच्या टपरीवर तो चहाला थांबलेला दिसला, तर थांबू नका. महामार्गावर गाडीचा बंपर कोणाचं नाव विचारत नाही. तो सगळ्यांना सारखाच लागतो. पण भांडण नाव विचारतं. दोन गाड्यांमधल्या अंतराचा वाद पाच मिनिटांत दाढी-टोपीवर, मग मोबाइलच्या व्हिडिओवर आणि संध्याकाळी दोन मोहल्ल्यांवर येऊ शकतो हे आपण पाहतो आहोत. माझे हिंदू मित्र हे वाचून म्हणतील, एवढं काय? त्यांना मी एवढंच सांगेन की माझा मुलगा गाडी शिकला तेव्हा मला त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या, रस्त्यावर कसं चालायचं आणि रस्त्यावर भांडण झालं तर काय करायचं. तुम्हाला बहुधा पहिलीच सांगावी लागली असेल. कुराणात रहमानच्या बंद्यांचं वर्णन आहे, ते जमिनीवर नम्रपणे चालतात आणि अडाण्याने हुज्जत घातली तर सलाम म्हणून पुढे होतात. मशिदीत हे ऐकताना आपण मान डोलावतो. हायवेवर तोच अडाणी मागे हॉर्न वाजवतो तेव्हा आठवत नाही.

आणि मागचा म्हणजे नेहमी दुसराच कोणी असतो असंही नाही. ट्रक, टेम्पो, टमटम यांच्या धंद्यात आपली माणसं खूप आहेत. त्यांची बाजूही मी ऐकतो. मालकाने वेळ बांधून दिलेली असते, भाजी कोमेजायच्या आत बाजारात पोचवायची असते, टायर घासलेले असतात, झोप झालेली नसते. पण टायर घासलेले असतील तर अंतर जास्त हवं की कमी? रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, ही हदीस प्रत्येक पेशइमाम सांगतो. दहा चाकांचा ट्रक एखाद्याच्या पाठीला लावणं हा काट्यापेक्षा मोठा त्रास आहे, हे कधीतरी जुम्म्याच्या बयानात यायला हवं. रमजानमध्ये तर नक्कीच. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आमच्या शहरात मोटारसायकलवाले एकमेकांच्या आणि रिक्षांच्या मागे जे चिकटून पळतात ते बघवत नाही. दिवसभराचा उपवास, उतरलेली साखर, मावळतीचं ऊन डोळ्यांवर, आणि वखारीतून घर गाठायची धडपड. खिशात चार खजूर आणि पाण्याची बाटली ठेवली की रोजा रस्त्याच्या कडेलाही सोडता येतो.

सरकारकडून काय हवं? फार मोठं काही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दोन्हीकडे मोटारसायकलला बंदी आहे. ठीक. पण मग ज्या रस्त्यांवर आम्हाला जाऊ देता तिथे आमचा विचार करा. मलेशियात क्वालालंपूरच्या फेडरल हायवेवर मोटारसायकलींसाठी वेगळी लेन 1970 च्या दशकातच केली होती. आम्हाला वेगळी लेन नको, डांबर आणि साइडपट्टी एका पातळीत आणून द्या. दर पावसाळ्यानंतर मुरूम टाकून दाबून घ्या. सर्व्हिस रोडवरचे खड्डे बुजवा, म्हणजे गावातला माणूस उलटा येणार नाही. आणि लायसनच्या चाचणीत आठचा आकडा काढून दाखवायला सांगता, तसं मागे गाडी चिकटली तर काय कराल हेही विचारा. आठचा आकडा मला आजवर कुठल्याही रस्त्यावर काढावा लागलेला नाही.

जानेवारीत शाळाशाळांत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. आमच्याकडेही होतो. चित्रकला, निबंध, हेल्मेटवर घोषणा. आता पुढच्या जानेवारीत मी मुलांकडून पोस्टर काढून घेणार नाही. त्यांना मैदानावर नेणार, टेपने 33 मीटर मोजायला लावणार, दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारणार आणि एका टोकाला उभं करून सांगणार की साठच्या वेगात तुझी जागा इथे आणि पुढच्याची तिथे. इतक्या लांब? असं ते विचारतील याची मला खात्री आहे.

मोठ्यांसाठी एक काम आजचंच आहे. 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो, आणि अजूनही समोरून येणारे लोक पंजा उघडमीट करून तो चालू असल्याचं कळवतात. मागच्या दिव्याबद्दल कोणी कळवत नाही. रात्री घरी आलात की गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. इंजिन चालू ठेवून आधी हाताचा ब्रेक दाबा, मग पायाचा. दोन्ही वेळा भिंतीवरचा लाल उजेड वाढला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत हाताच्या ब्रेकने वाढतो आणि पायाच्या ब्रेकने वाढत नाही. पेडलजवळचा स्विच चिखलाने अडकलेला असतो, गॅरेजवाला तो चहा यायच्या आत करून देतो.